कुणाची तू?

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
राजधानीतल्या सर्व्हरने हात पुढे केला
आणि आमच्या सर्व्हरने तो हातात घेतला नाही.
नोंदवहीत एकच ओळ, दर तीस सेकंदांनी:
या दाखल्याची साखळी कुठे पोचते ते कळत नाही.

बाहेर क्लाक्सविकचा धक्का.
बर्फात रचलेले चाळीस टन सॅल्मन,
सहाची बोट, आणि बोटीचा कप्तान,
ज्याला साखळी म्हणजे नांगराची, एवढंच ठाऊक.
अन्न खात्याचा परवाना येत नाही
तोवर एक पेटी हलायची नाही.

हानुस म्हणाला, एक ओळ असते ना,
तपासणीच बंद करायची?
असते. मला पाठ आहे.
कुणीही यावं, काहीही दाखवावं, आपण हो म्हणायचं.
एका रात्रीपुरती म्हणून घालतात ती,
मग घरजावयासारखी राहून जाते.
नाही, म्हटलं.
तो खिडकीशी जाऊन धक्क्यावरचे दिवे मोजत बसला.

विश्वासाच्या पेटीला पासवर्ड होता.
आब्सालोनला उठवलं, निवृत्त होऊन चार वर्षं झालेली.
उठवलं कसलं, मेंढ्या व्यायला आलेल्या, जागाच होता.
पासवर्ड? तो हसला.
"मला बदला."
अहो, बदलीन, पण आधी सांगा तरी.
तोच आहे गं. करणाऱ्यांनी दिलेला. मलाबदला, सलग.
अकरा वर्षं तो गयावया करत होता
आणि अकरा वर्षं आम्ही त्यालाच टाइप करून
आत जात होतो.

पेटीत एकशे बारा नावं.
यांच्यावर आमचा विश्वास आहे म्हणे.
एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही.
काहींची मुदत कधीच सरलेली, तरी जागा धरून,
लग्नाच्या यादीत गेलेल्यांची नावं राहून जातात तशी.
राजधानीने गेल्या महिन्यात मूळच बदललं होतं.
पत्र आलं असणार.
कुणीतरी वाचलंही असणार.

नवं मूळ मिळालं. दोन किलोबाइटची फाईल.
पण ती ज्या वाटेने आली
त्या वाटेवरच तर भरवसा नव्हता.

मग साधा फोन. रात्रपाळीला मार्युन नावाची बाई.
मुळाचा ठसा वाचून दाखवता का, चौसष्ट अक्षरं?
ती गप्प. मग:
कुणाची तू?
मी रान्वा, क्लाक्सविकहून, मासळी कंपनी.
ते नोकरीचं झालं. कुणाची?

कुनोयची. दानियलची. टेकडीवरच्या निल्साची नात.

हां, ती म्हणाली.
वादळात आमची मेंढी डोंगर ओलांडून तुमच्या कुरणात गेली होती.
तुझ्या आजोबांनी कानाची खूण पाहिली
आणि तीन दिवसांनी आणून दिली.
दोन पिल्लांसकट.
घे, लिही.

सात, एफ. शून्य, नऊ. सी, चार.
मी पेन्सिलीने लिहीत गेले, पडद्याशी ताडत गेले,
जुळलेल्या प्रत्येक जोडीखाली एक टिंब.
एकतिसाव्या जोडीला फोन खरखरला,
बी म्हणाली की डी, कळेना.
तिने न कुरकुरता पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मूळ पेटीत ठेवलं, सर्व्हर पुन्हा उठवला.
हात आला. हातात राहिला.
परवाना चार ओळींचा होता.

बोट सुटल्यावर हानुसने दाखला उघडून पाहिला.
पानावर फांदीची सही,
फांदीवर मुळाची,
मुळावर पुन्हा मुळाचीच.
म्हणजे हा स्वतःच स्वतःला जामीन? त्याने विचारलं.
मग याच्यासाठी कोण उभं आहे?

मेंढी, म्हटलं.

तो झोपायला गेला.
मी पासवर्ड बदलला, कागद घडी करून खिशात ठेवला.
नव्या मुळाची मुदत आणखी वीस वर्षांनी सरणार.
तेव्हा कुणीतरी मला रात्री फोन करील,
मी मेंढ्यांत असेन,
आणि आधी विचारीन.